बटण दाबलं की बापाला मेसेज

उस्मानपुऱ्याच्या थांब्यावर बजाजनगरच्या बससाठी उभा होतो. पुढं कॉलेजच्या ड्रेसमधली मुलगी आणि गळ्यात संस्थेचं कार्ड घातलेल्या मॅडम.

"अक्षदा, शनिवारी आपल्या ॲपचं उद्घाटन. तुम्ही मुलांनीच घडवलेलं! स्टेजवर तू हवीस."

"मी नाय येणार, मॅडम."

"अगं, का?"

"तुम्हीच विचारलं व्हतं ना, जीव नकोसा झाला तर पोरं कुणाला सांगतील? आम्ही समद्यांनी सांगितलं, आधी आमच्याशी कुणीतरी बोला, लगेच घरी कळवू नका."

"ते लिहून घेतलंय आम्ही."

"लिहून घेतलं, समोसे दिले, फोटो काढले. अन् ॲपमधी काय ठेवलं? बटण दाबलं की बापाला मेसेज!"

"पालकांना कळायला नको का? कमिटीचाच आग्रह होता."

"कमिटीत एक तरी पोरगं व्हतं का? ट्रायलच्या वक्ताला आमच्या मोनिकानं ते बटण खरंच दाबलं. बापानं आधी कानाखाली काढली, मग विचारलं काय झालं म्हणून."

"अरे देवा! पुढच्या वेळी आपण दुरुस्त करू."

"पुढच्या वेळी? लई दिवसांनी तोंड उघडलं व्हतं तिनं, मॅडम!"

"तिचा नंबर दे. मी बोलते."

"फोन बापानं काढून घेतलाय. तोच उचलंल. बोलायचं असंल तर चला, मी तिच्याकडंच चाललेय. ही बघा, बस आली."

"आत्ता? आत्ता मीटिंग आहे गं."

"कशाची?"

"ॲपचीच."