कोरा हॅडलीबाई

शिकागो स्टेशनच्या बाकावर माझ्या शेजारी आयोवाकडची एक शेतकरीण आणि टोपी मांडीवर घेतलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते.

"कोरा हॅडलीबाईंना भेटायला आले होते. पिठाच्या जाहिरातीतल्या त्या. पत्र लिहिलं की त्यांचं उत्तर यायचं."

"भेटल्या?"

"कुठल्या! पीठ कंपनीतल्या पोरी नुसत्या हसल्या."

"काय काम होतं?"

"आभार मानायचे होते. माझी मुलगी गेली तेव्हा मी विचारलं होतं, माझा पाव फुगत का नाही. त्यांनी लिहिलं, सध्या पाव राहू दे. शेजारीण आणेल ते खा."

"आणि रोज केस विंचरत जा, असंही."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"ती जाहिरात माझ्या कंपनीची, बाई. कोराबाईंची पत्रं मीच लिहायचो."

"म्हणजे इतकी वर्षं मी एका मिशीवाल्याला मनातलं सांगत होते?"

"हो."

"मग त्या नव्हत्याच."

"होत्या हो. कागद पुढे ओढला की यायच्या. आता घरी रोज तसाच बसतो, पण निवृत्त झाल्यापासून एकदाही आल्या नाहीत."

तेवढ्यात आयोवाच्या गाडीची घोषणा झाली.

"गाडी लागली तुमची."

"तुमचा पत्ता द्या. माझा पाव अजून फुगत नाही."