दिनेशची सेफ ठेव

क्रिप्टोचं वॉलेट घ्यायचं म्हणताय ना, मग आधी आमच्या जोह्याच्या दिनेशचं ऐका. कारखाना गणपतींचा, पण अक्कल जगाला शिकवणार. म्हणाला, "रोजच्या खर्चाला मोबाईलमधलं वॉलेट, जन्माच्या ठेवीला हे." हे म्हणजे पेनड्राइव्हएवढी डबी.

रोजचं वॉलेट वडखळच्या चहावाल्याने बघितलंसुद्धा नाही, चहाचे पैसे माझ्याच खिशातून गेले. ठेवीची डबी पठ्ठ्याने एका गणपतीच्या पोटात घातली. ती हरवली तर पैसे परत मिळवायचे जे बारा शब्द असतात, त्यांचा कागदही तिच्याबरोबरच. वरून प्लास्टर मारलं. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी हा टेम्पो घेऊन मुंबईला गेला, आणि इकडे वहिनींनी तीच मूर्ती रोह्याच्या गिऱ्हाईकाला दिली. दिनेश परतून रोह्याला धावला, तर घरचे म्हणाले, "आमचा दीड दिवसाचा असतो. कालच कुंडलिकेत विसर्जन झालं."

वाटलं, आता तरी गप्प बसेल. कसला बसतोय. परवा मलाच ऐकवतो, "पण सेफ हाय ना. कुठला हॅकर हात लावू शकत नाय."

म्हटलं, "व्हय रे, तूपण नाय."