लिनक्सचं पातळ पुस्तक

पुस्तकांच्या दुकानातली बाई बिल करायला थांबली होती. समोर एका आजी-आजोबांची दोन पुस्तकांवरून जुंपली होती.

“जाडच घेऊ. लिनक्सचं सगळं यात आहे.”

“अहो, उचलतानाच हात भरून येतो. वाचणार कधी?”

“लेक नोकरीला लांब जाताना कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स घालून गेली. आता प्रिंटर जरा अडला की तिलाच फोन करायचा?”

“मग कुणाला करायचा?”

“तिला कामं असतात गं. आपलं आपण शिकू.”

“आणि सगळं शिकलो, की फोन कशाच्या निमित्तानं करायचा?”

आजोबांनी जाड पुस्तक हळूच बाजूला सारलं.

“बाई, या पातळ पुस्तकात प्रिंटरचं काही नाही ना?”

बाईनं अनुक्रमणिका दोनदा पाहिली.

“नाही, आजोबा.”

“मग हेच द्या.”