भिंतीवरची दोघं

जयसिंग : पाय का काढून घेतलास, मर्दा?

ज्ञानू : कवा?

जयसिंग : आत्ता, कोपऱ्यावर. तुझा बूट माझ्या नडगीवर आलता. आला आणि माघारी गेला. मी आंधळा हाय व्हय?

ज्ञानू : प्रॅक्टिस हाय ही. एकाच शाळंचं आपण. तुला कशाला लावू?

जयसिंग : पाचवीपासनं फुटबॉल खेळतोय तुझ्यासंगं. आजवर पाय घातलास तर चेंडूला घातलास. आज तुझं डोळं चेंडूवर नव्हतं.

ज्ञानू : बुटाची नाडी बांध. खाली बघून बोल.

जयसिंग : का?

ज्ञानू : पाण्याच्या टाकीजवळची भिंत. बघू नगंस म्हणतोय न्हवं.

जयसिंग : दोघं बसल्यात. एक तुमच्या तालमीचा गुंडू. मानेवरनंच कळतोय. दुसरा कोण?

ज्ञानू : आकाराम. सेक्रेटरी हाय तालमीचा.

जयसिंग : वडाच्या तालमीची माणसं आपल्या शाळेच्या भिंतीवर? उद्याच्या फायनलची एवढी काळजी लागली व्हय त्यांना?

ज्ञानू : उद्याची शाळंची. परवा काय हाय?

जयसिंग : परवा पेठांची. वडाची तालीम आणि हौदाची. तू तिकडनं, मी हिकडनं. ते काय आज ठरलंय?

ज्ञानू : मग त्यापायीच आल्यात. मी तुझं काय करतोय ते बघायला.

जयसिंग : सरळ सांग.

ज्ञानू : काल तालमीत बोलावणं आलं. अध्यक्ष, तात्या, सोता बसलं हुतं. म्हणलं, हौदाकडं एकच पोरगं हाय, बाकी समदं भुसकाट. ते पोरगं तुझ्या शाळंत हाय, रोज तुझ्या बाजूला पळतंय. रविवारी ते मैदानात दिसता कामा न्हाय.

जयसिंग : तू काय म्हणलास?

ज्ञानू : म्या काय म्हणणार. दुधाचा पेला हातात हुता.

जयसिंग : जर्मनचा?

ज्ञानू : जर्मनचाच. बाकीच्यांना पितळी. माझा खिळ्याला येगळा टांगलेला असतोय, दुसरं कोण शिवत न्हाय त्येला.

जयसिंग : गोल वाचवलास की अख्खी पेठ खांद्यावर घेऊन नाचतीया तुला.

ज्ञानू : खांद्यावर घेत्यात. घरात घेत न्हाईत.

जयसिंग : आणि ह्या कामाला तूच बरा सापडलास. आपल्या टीममध्ये वडाची अजून दोन पोरं हाईत की.

ज्ञानू : त्येंचं बाप मोठं हाईत. पोलीस आलं तर नाव कुणाचं द्यायचं, ह्येचा इचार आधी झालाय. वस्तीतलं पोरगं हाय, डोकं फिरलं, मारलं. संपलं.

जयसिंग : मग नगं म्हण.

ज्ञानू : तू म्हणून बघ एकदा. माझा बा तात्यांच्या अडतीत गुळाचं रवं उचलतोय. दुष्काळाच्या साली तात्यांनीच कामाला लावलं, आणि दर सणाला ते ऐकवत्यात. नगं म्हणलो की सोमवारी बा घरात. आणि माझ्याकडनं झालं न्हाय तर रविवारी गुंडू करणार.

जयसिंग : उचगावच्या पोराचा पाय कायमचा घालवला तसं?

ज्ञानू : तसंच. आकाराम म्हणला, तू दोस्त हाईस त्याचा, तू जरा हलक्या हातानं करशील.

जयसिंग : लई माया की माझ्यावर.

ज्ञानू : हसण्यावारी नेऊ नगंस.

जयसिंग : मग काय रडू? मी रविवारी खेळतच न्हाय. सांगतो, पाय मुरगळला.

ज्ञानू : तुझा हौद ऐकंल?

जयसिंग : न्हाय. आमचा वस्ताद अंगठ्यानं दाबून बघतोय. सूज न्हाय दिसली की म्हणणार, पोरगं फुटलं, वडानं इकत घेतलं. दादाचं सायकलचं दुकान तालमीच्या दारातच हाय. पयला दगड तिथं पडणार.

ज्ञानू : म्हंजे खेळलास तर गुंडू, न्हाय खेळलास तर वस्ताद.

जयसिंग : अजून एक सांगू? आमच्या तालमीत काल सोड्याच्या बाटल्यांची चार खोकी आलीत.

ज्ञानू : आमच्यात परवाच आलीत.

जयसिंग : कोण पिणार हाय एवढा सोडा?

ज्ञानू : गल्लीतल्या दुकानदारांना सांगून ठेवलंय, रविवारी तीन वाजता फळ्या लावा म्हणून. मॅच चारला हाय.

सर : काय रे, सोयरीक जुळवताय का दोघं? बाकीचे पळताहेत तिकडे.

जयसिंग : दम खात होतो, सर.

सर : दम उद्या खा, कप हातात आल्यावर. मुंबईहून मिलच्या संघाचा माणूस येतोय बघायला, आठवण आहे ना? तुझ्याचसाठी येतोय, जयसिंग. मी तीन पत्रं घातली तेव्हा कुठे हलला तो.

जयसिंग : सर, एक बोलायचं होतं. ते भिंतीवर बसलेत ना...

सर : बघितले मी. बसू देत. भिंतीला तिकीट नाही.

जयसिंग : ते पेठेचे हाईत, सर.

सर : पेठेचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही. तालमीकडून खेळणार नाही असं हेडमास्तरांनी तुम्हा दोघांकडून लिहून घेतलंय. तो कागद माझ्या कपाटात आहे. तुम्ही रविवारी कुठे असता ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. मला उद्या तुम्ही दोन पायांवर उभे पाहिजे. पुढचं तुमचं तुम्ही निस्तरा.

ज्ञानू : व्हय सर.

सर : ‘हो सर’. मॅट्रिकचं वर्ष आहे तुझं. आता शेवटची पाच मिनिटं. जयसिंग, तू मधल्या रेघेवरून चेंडू घेऊन ये. ज्ञानू, तू अडव. आणि मघाशी तू पाय मागे घेतलास, तो मी पाहिलाय. उद्या तसं केलंस तर बाहेर बसवीन. पाय घालायचा म्हणजे घालायचा. जाऊन उभे राहा.

जयसिंग : ऐकलंस? सरबी त्यांच्याच बाजूचे निघाले.

ज्ञानू : सरांना काय ठावं.

जयसिंग : ठाऊक करून घ्यायचं न्हाय म्हणाले की. ज्ञानू, घाल तू पाय.

ज्ञानू : काय बोलतोयस?

जयसिंग : डाव्यावर घाल. उजवा मला लागतोय. गुंडूपेक्षा तुझ्या हातनं झालेलं बरं. हाड तेवढं सोड.

ज्ञानू : हाड सोडलं तर वस्तादाच्या अंगठ्याला पटंल?

जयसिंग : न्हाय पटणार.

ज्ञानू : आणि मुंबईचा माणूस?

जयसिंग : तुला बघू दे की.

ज्ञानू : मी अडवणारा. अडवणाऱ्याला मुंबईला कोण न्हेत न्हाय.

जयसिंग : लवकर ठरव. सरांनी शिट्टी तोंडात धरलीया.

ज्ञानू : ठरलंय. डाव्या अंगानं ये. सरळ ये, जोरात ये, कट मारू नगंस.

जयसिंग : लई दुखंल काय रं?

ज्ञानू : ठावं न्हाय. कवा मोडलेला न्हाय.

(शिट्टी झाली. जयसिंग डोळे बारीक करून, चेंडू घेऊन सरळ सुटला. ज्ञानू आडवा गेला. दोघेही तांबड्या धुळीत पडले, आणि तो आवाज पार गोलच्या खांबापर्यंत ऐकू गेला.)

सर : सरका, वारा येऊ द्या. जयसिंग, कुठे लागलं? डावा का?

जयसिंग : मला न्हाय, सर. मला काय झालेलं न्हाय. ज्ञानू, ए ज्ञानू...

सर : अरेरे. हलवू नका त्याला. पाय बघा कसा वळलाय. कसं झालं हे?

ज्ञानू : घसरलो, सर.

सर : आजच घसरायचं होतं. थांबा, मी फळी आणि टांगा बघतो. जयसिंग, त्याला बोलता ठेव, डोळे मिटू देऊ नकोस.

जयसिंग : घसरला म्हणं. माझ्या बुटाखाली सोताचा पाय आणून दिलास तू. मी बघितलं.

ज्ञानू : गप. घसरलोच म्हण.

जयसिंग : असं ठरलं नव्हतं आपलं.

ज्ञानू : माझं ठरलं हुतं. मोडक्या पायाला कोण काम सांगत न्हाय. आणि म्या नगं म्हणलोच न्हाय. पाय घातला, मोडला. बाला कामावरनं काढायला तात्यांना तोंड न्हाय ऱ्हाणार.

जयसिंग : आणि रविवारी गुंडू हाय त्याचं काय?

ज्ञानू : तू उद्या खेळ. त्या मुंबईवाल्यापुढं जीव तोडून खेळ. कप घेतलास की घरी जाऊ नगंस, तसाच बिद्रीला मामाकडं जा. सोमवारशिवाय येऊ नगंस.

जयसिंग : दादाचं दुकान फोडतील.

ज्ञानू : दुकानाला नव्या फळ्या बसवता येत्यात. नडगी नवी बसत न्हाय.

जयसिंग : ज्ञानू.

ज्ञानू : आता काय? पाणी दे जरा.

जयसिंग : भिंतीवर कोण न्हाय.

ज्ञानू : गेली? बरं झालं.

जयसिंग : गेली न्हाईत. उतरल्यात. मैदानातनं हिकडंच येत्यात. गुंडूनं बाह्या वर सारल्यात.

ज्ञानू : तिथनं त्येंना काय दिसलं असंल रं?

जयसिंग : हौदाच्या पोरानं वडाच्या पोराचा पाय मोडला. दुसरं काय दिसणार?

ज्ञानू : ह्ये माझ्या टकुऱ्यात आलंच न्हाय.

सर : जयसिंग, ते दोघे कोण येताहेत रे? बरं झालं. बोलाव त्यांना, फळी धरायला माणसं हवीतच.

ज्ञानू : माझी सायकल घे. मागच्या फाटकानं सूट. पेठेतनं जाऊ नगंस.

जयसिंग : तुला हितं टाकून?

ज्ञानू : जा म्हणतोय न्हवं. मला काय करत्यात? मी त्येंच्यातलाच हाय की.