पाळकाला शिकवणारी बाई

—नाय, तसं नाय म्हणत मी. द्वारकाबाई वाईट आहे असं मी कधी म्हणलं? चहा घ्या, गार व्हतोय. लई भली बाई आहे ती. आधी नगरला शाळेत शिकवायची, मग पुण्याला जाऊन ते शिक्षण घेतलं — पाळकांना, चर्चच्या मंडळीच्या पुढाऱ्यांना दिवस पालटले की कसं सावरायचं, त्याचं बी शिक्षण असतं म्हणे — लग्न नाय केलं, पांढरी साडी, अन् बोलणं असं हळू की ऐकायला माणसानं पुढं वाकावं. आता बिशपसाहेब तिला तुमच्या सिल्लोडला धाडणार, म्हणून तुम्ही एवढ्या लांब शहरात, ह्या छावणी भागात आला मला विचारायला — आपल्या पाळकसाहेबांना तिच्यापुढं बसू द्यावं का नाय. बरं केलं. पाळकाच्या बायकोनं पाळकाच्या बायकोला नाय विचारायचं तर कुणाला विचारायचं? मी खरं तेच सांगीन. माझ्या पोटात काय नाय.

आमच्याकडं ती आली तवा मंडळीचे लई हाल होते. गोरे मिशनरी मायदेशी गेलेले — बंगला, दवाखाना, शाळा, सगळं आमच्या ह्यांच्या अंगावर टाकून. तिकडं चिकलठाण्याला कारखाने उठले, पोरांना नोकऱ्या लागल्या, देवाची दया — पण रविवारी बी पाळी! उपासनेला कोण? म्हातारे अन् आम्ही बाया. मंडळीचे पंच ह्यांच्यावरच डाफरायचे, "पाळकसाहेब, तुमचा वचक नाय राहिला." आता कारखान्याच्या भोंग्यापुढं पाळकाचा वचक काय कामाचा, सांगा बरं? हे अन्नाला शिवेनात. उपदेश लिहायला बसले की कागद कोराच. मी म्हणायची, असं करा, तसं करा, माझे वडील हेडमास्तर होते ते असं करायचे — मी कमी सांगितलं का? पण माझं ऐकून नुसती मान हलवायचे. अन् ही आली, दर मंगळवारी ह्यांच्या ऑफिसच्या खोलीत बसायला लागली, दार पुढं केलेलं — लावलेलं नाय हां, खोटं कशाला बोलू, नुसतं पुढं केलेलं — तर तास तास उठायचे नाय! मी चहा घेऊन गेले की दोघं गप. "ठेवा सुगंधाबाई, घेतो आम्ही." माझ्याच घरात मला — ठेवा! अन् ती गेली की हे जेवायला बसायचे ते दोन भाकरी जास्त. बायकोला आनंद व्हायला पायजे का नाय? झाला. झाला हो. पण भाकरी मी थापलेली अन् भूक तिनं आणलेली, हे घशाखाली उतरायला वेळ लागतो.

नाय, ऐकत नव्हते मी. खिडकीखाली अबोली लावलीय, तिला पाणी घालत होते. — व्हय, मंगळवारीच. हसू नका. अबोलीला पाणी लागतं.

तेच दिवस. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला अन् मराठवाड्यात गावोगाव गावकुसाबाहेरच्या वस्त्या पेटल्या. तुमच्याकडं बी झालंच की. लोक अंगावरच्या कपड्यानिशी शहराकडं पळाले. आमच्या मिशन कंपाउंडच्या फाटकाबाहेर बसले येऊन — बाया, म्हातारी माणसं, कुणाच्या काखेत कोंबडी, कुणाच्या डोक्यावर नुसतं जातं. घर जळालं अन् जातं तेवढं उचललं, बघा. पंचांची बैठक भरली. थोरले पंच काकासाहेब म्हणाले, "आपण ख्रिस्ती. आपला त्यात काय संबंध? आज ह्यांना आत घेतलं की उद्या आग इथं येते. फाटक बंद ठेवा." मी बी तेच म्हणत होते — म्हणजे भीती असते ना माणसाला, लेकीबाळी आहेत कंपाउंडात. ह्यांनी चावी काकासाहेबांकडं दिली अन् घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडले. मी पाय चेपले. "काय व्हतंय?" म्हणलं. "काय नाय," म्हणाले.

अन् दुसऱ्या दिवशी मंगळवार. ती बरोबर हजर. चावीचं, फाटकाचं सगळं ह्यांनी सांगितलं तिला. मला वाटलं आता सांगेल, उघडा नायतर नका उघडू — एवढं शिकलीय तर सांग की! तर म्हणाली, "मी नाही सांगणार काय करायचं ते. फाटकाबाहेर कोण बसलंय, तेवढं मला सांगा." हे म्हणाले, गावाकडचे लोक. ती म्हणाली, "कोण?" हे म्हणाले, जळालेले लोक. ती पुन्हा म्हणाली, "कोण?" — तेच हळू बोलणं, मला खिडकीला कान लावावा लागला. मग आमचे हे रडायला लागले. चोवीस वर्षं संसार केला बाई मी, ह्यांची आई गेली असंच ऐकून होते, बाप गेला असंच ऐकून होते, ह्यांना कुणी नाय, मिशनच्या बोर्डिंगात वाढले — पण रडताना कधी पायलं नाय. अन् त्या बाईपुढं रडले. म्हणाले, "माझा भाऊ आहे. कडुबा. सख्खा. त्याचं घर जाळलं. तो फाटकाबाहेर बसलाय अन् मला बघून त्यानं मान खाली घातली, मला लाज नको म्हणून." अन् ती काय म्हणाली ठाऊक आहे? "मग पुंडलिकराव, आता?"

पुंडलिकराव! मला वाटलं खोलीत तिसरा कुणी माणूस आहे. नवऱ्याचं नाव घेऊ नये, पण आता घेते — माझं लग्न झालं फिलिपशी. लग्नाच्या नोंदीत फिलिप, उपासनेत फिलिप, मी मनातल्या मनात घेते ते बी नाव फिलिपच. आईनं ठेवलेलं नाव पुंडलिक होतं, हे मला अबोलीत उभं राहून कळलं. अन् ती ते नाव असं घ्यायची जसं काय कधीपासून घेतेय. — किती मंगळवार घेत होती कुणास ठाऊक.

हे ताडकन उठले. माझ्या अंगावरून गेले, मी झारी धरून उभी, माझ्याकडं पायलंसुद्धा नाय. काकासाहेबांच्या दारात जाऊन चावी मागितली. काकासाहेब मागं मागं फाटकापर्यंत आले, "पाळकसाहेब, विचार करा." हे म्हणाले, "लई केला. आता ऐका. माझं नाव पुंडलिक. हा बसलाय तो माझा भाऊ अन् ही चतुराबाई, माझी भावजय. ह्यांना बाहेर ठेवायचं असंल तर मला बी बाहेर काढा, अन् बाहेरून कुलूप घाला." अन् फाटक उघडलं. भावाला उठवायला गेले तर तो उठंना — "पुंडलिका, तुझी नोकरी जाईल रे," म्हणतो. घर जळालेला माणूस ह्यांच्या नोकरीची काळजी करतो! शेवटी हेच खाली बसले त्याच्याशेजारी, धुळीत, पांढऱ्या झग्यासकट. सगळं कंपाउंड रडत होतं. काकासाहेब बी तोंड फिरवून उभे.

मी? मी रडले नाय. माझ्या हातात झारी होती.

पुढं चांगलंच झालं, नाय कशाला म्हणू. शाळेच्या खोल्या उघडल्या, लोक राहिले. दोन-चार जुनी घरं मंडळी सोडून गेली, पण कारखान्याची पोरं — जी उपासनेला फिरकत नव्हती ती — पाळी सुटली की घोंगड्या, तांदूळ घेऊन यायला लागली, अन् मग रविवारची उपासना ह्यांनी संध्याकाळची केली तशी बाकं भरली. आता बिशपसाहेब दुसऱ्या पाळकांना सांगतात, छावणीच्या चर्चला जाऊन बघा. कडुबाभावजी मागच्या खोलीत राहतात. चतुराबाई माझ्या चुलीला चूल लावून भाकरी टाकते, चांगली आहे, तिचा मला काय त्रास नाय. ह्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगते. हे हसतात. मी ऐकते.

लपवलं कशापायी म्हणता? — मी काय केलं होतं हो? आमच्या तीन पिढ्या ख्रिस्ती, हे मी म्हणायची, खरंच आहे ते. कुणी खेड्यावरून नवीन माणूस मंडळीत आला की मी जेवताना म्हणायची, आपण गावकुसाबाहेरचं सगळं मागं टाकून आलोय, ते पुन्हा ताटापाशी नको. सहज म्हणायची. सगळेच म्हणतात. तुमच्याकडं नाय म्हणत? — बरं.

मी विचारलं ह्यांना. एक दिवस धीर करून विचारलं, "इतके दिवस त्या बाईपाशी काय बोलत होता?" म्हणाले, "तुझंच." मी म्हणलं, थट्टा करू नका. तर म्हणाले, "तुझंच गं. सुगंधाला कसं सांगू, ऐकून ती माझ्याकडं कशी बघंल, हेच. दुसरं काय तोंडात येतच नव्हतं." म्हणजे मी कशी बोलते, माझं तोंड कसं व्हतं, सगळं त्या बाईला ठाऊक — अन् ती माझ्या हातचा चहा पीत होती, एक शब्द मला बोलली नाय! भांडली असती, दोन शब्द सुनावले असते, तर मी चार सुनावून मोकळी झाले असते. नुसती जाताना हात हातात घ्यायची. मऊ हात आहे मेलीचा. ह्यांच्या मनातली मी कशी आहे, ते तिनं पोटभर ऐकलंय, अन् मी — मी कुणाला विचारू?

असू द्या. तुमचं बोला. तुमचे साहेब सांगतात तुम्हाला सगळं? — सगळं? — अहो, पदर कशाला लावता डोळ्यांना? नाय, नाय, आता बसू नका. चहा राहू द्या. एसटी जाईल, उठा. सरळ घरी जा अन् त्यांच्यापुढं बसा. आजच बसा. ती बाई पोचायच्या आधी.