व्याहीबुवांची पाच अक्षरं

...नाही, तुम्हीच सांगा, सकाळी साडेआठची वेळ, दुकानाचं शटर अर्धं वर गेलेलं, एक हात शटरला, दुसऱ्यात कुलूप, आणि खिशातला फोन वाजतो, तो काय तोंडानं उचलायचा? पण उचलावा लागतो. पलीकडे व्याही असतात ना. माझ्या पोरीचे सासरे, निवृत्त हेडमास्तर, चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस. कसे आहात, बरे आहात, काही नाही. घसा खाकरून एकदम, "व्याहीबुवा, मधोमध एन. शेवटी ई. दहा वाजेपर्यंत." की फोन बंद. मी आपलं ओळखत बसायचं, कुठला इंग्रजी शब्द. पाच अक्षरं हो, फक्त पाच, पण माणसाचा घास घ्यायला पुरतात.

तुम्ही म्हणाल, शेठ, नाही म्हणून मोकळं व्हायचं. अहो, नाही म्हणायची वेळ एकदाच येते, ती मी बढाया मारण्यात घालवली. लग्नाची बोलणी चाललेली, हेडमास्तर गप्प बसलेले, मला वाटलं हा माणूस आपल्याला अडाणी समजतोय. झालं, जीभ घसरली. म्हटलं, "मास्तर, इंग्रजी म्हणजे माझा जीव की प्राण. शब्दकोडी तर मी चहाबरोबर सोडवतो." आमच्या हिनं टेबलाखालून असा पाय दाबला की अंगठा महिनाभर काळा होता. पण बाण सुटलेला. माझ्या दुकानात उंदराचे पिंजरे मिळतात, तुम्हाला सांगतो, उत्तम माल, आत जायला ऐसपैस दार, बाहेर यायला काही नाही. इतकी वर्षं विकतोय, स्वतः कधी शिरलो ते कळलं नाही.

कारण माझं शिक्षण सातवी. पुढचं सगळं खोक्यांवर. हार्डवेअरचं दुकान, माल आला की खोकं वाचायचं, आत काय निघतं ते बघायचं, शब्द पाठ. त्यामुळे बिजागरी, कडी, खिळा, रंगाचा ब्रश, यांचं इंग्रजी मला झोपेतून उठवून विचारा. पण खोक्याबाहेरचं इंग्रजी समोर आलं की मी मुका. आणि हरून चालायचं नाही. पोरगी त्या घरात नवी, उद्या तिथं कुणी म्हटलं, "वडील थापाडे आहेत हं तुझे," तर मान कुणाची खाली जाणार?

म्हणून रोज सकाळी मी शिडीवर. एकेक खोकं, बोटं मोजत. खाली गिऱ्हाईक, "शेठ, पांढरा रंग पाव लिटर." मी वरून, "थांबा, शेवटी ई." "शेवटी कशाला, आधी द्या ना." माणसं हसतात हो. परवा मधोमध बी आणि शेवटी डब्ल्यू. खोकी पालथी घातली, दहाला पाच मिनिटं, कपाळाला घाम, आणि प्लंबर आला कटकट करत, "शेठ, अर्ध्या इंचाचा एल्बो द्या, तिकडे पाणी चालू ठेवून आलोय." मी बोटं मोजली, आणि शिडीवरून उतरून त्याला मिठी मारली. तो पार घाबरला. म्हणे, "शेठ, घरी सगळं ठीक ना?"

सुटायचा प्रयत्न नाही केला असं नाही. एकदा आवाज बारीक करून सांगितलं, "अंगात ताप आहे हो आज." पलीकडून काय यावं? "उत्तम. त्यालाच इंग्रजीत काय म्हणतात? पाचच अक्षरं आहेत." आता बोला.

बरं, गंमत ऐका. चार महिने झाले, मी एकदाही हरलो नाही. त्या तापाचा शब्द सोडला, तोही औषधाच्या पाकिटावर सापडला, तर बाकी प्रत्येक उत्तर माझ्या फळीवर. स्क्रू, साखळी, बिजागरी, चाक. मला तर वाटायला लागलं, इंग्रजी भाषा मुळात कुणा हार्डवेअरवाल्यानंच बनवली असावी. हिला म्हटलं, तर म्हणाली, "हो, आणि उरलेली सुटी विकली असेल."

पण शिडीवर चढून गुडघे गेले. शेवटी या रविवारी ठरवलं, समोरासमोर जायचं, सांगायचं, मास्तर, थाप मारली, माफ करा, सोडवा. गेलो. दार पोरीनं उघडलं. "मामंजी नाहीत, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलेत."

"काय मोडलं घरात?"

"काही नाही. बाबा, बसा आधी."

तिनं एक वही आणून दिली. मास्तरांचं टपोरं अक्षर. एका खाली एक शब्द, शेजारी मराठी अर्थ. बिजागरी. कडी. एल्बो, पुढे कंसात 'नळाचा'. माझं अख्खं दुकान त्या वहीत.

म्हणाली, "पहिल्या आठवड्यातच कळलं त्यांना, तुमचं इंग्रजी कुठलं ते. त्यांच्या मनातला शब्द वेगळा असायचा, तुमचं उत्तर मात्र दुकानातलंच यायचं. मला म्हणाले, तुझ्या वडिलांना बोलू नकोस, मनाला लागेल. शाळा सुटल्यापासून खोलीबाहेर येत नव्हते, बाबा. बोलणीला आणि लग्नात तेवढे आले, पुन्हा आत. ताट दारात ठेवायचो आम्ही. आता रोज दाढी करून निघतात. दुकानदाराला विचारतात, मोजून पाच अक्षरांचं आणखी काय आहे."

सांगायला आणलेलं वाक्य गिळलं, वही होती तिथे ठेवून दिली. तेवढ्यात मास्तर आले. चेहरा टवटवीत, हातात दाराची नवीकोरी मूठ, ज्या घरात एकही दार बिनमुठीचं नाही. "अरे वा, व्याहीबुवा. काही काम काढलंत?"

म्हटलं, "छे, सहज."

"बरं झालं आलात," म्हणाले, आणि जरा जवळ सरकले. "पाच अक्षरांचे आता संपत आले हो. उद्यापासून सहा घ्यायचे का? जमेल?"

जमेल म्हटलं. घरी न जाता सरळ दुकान उघडून शिडी लावली. हातोड्याचं इंग्रजी मोजून बघा, बरोब्बर सहा भरतात.