फ्लॉसीची उचकी

यातलं एक अक्षर खरं मानून दाखव, पोरी, मी माझे दात काढून तुझ्या हातावर ठेवते—हे बघ, निघतात!—अगं, दचकतेस काय, खोटेच आहेत. लाव तुझं ते टेपचं यंत्र. विद्यापीठातनं आलीस, ‘ओटिस आणि फ्लॉसी’चा इतिहास लिहायला, आणि पाठवलं कुणाकडे? तर ब्रोन्याकडे, चौथीत शाळा सोडलेल्या म्हातारीकडे. करणार काय, बाकीचे सगळे मेले.

मी आवाजवाली. रेडिओवर ओटिस-फ्लॉसी भांडायचे, मारामारी माझी. रोज संध्याकाळी सातला, पंधरा मिनिटं, अख्खा देश जेवण थांबवून ऐकायचा—फ्लॉसीनं नवऱ्याच्या टाळक्यात लाटणं घातलं की इकडे मी कोबीच्या गड्ड्यावर, धप्प! हाड मोडायचं तर गाजर. थोबाडीत द्यायची तर ओलं कातडं. त्या कोबीचं मग घरी सूप—आयता कुटलेला, काय वाईट? आणि नियम एकच. तांबडा दिवा लागला, म्हणजे आवाज थेट देशभर चालला, की कागदावर नाही तो आवाज काढायचा नाही. शिंक नाही, खोकला नाही. एकदा मी निवेदकाच्या पाण्यात साबणाचा चुरा टाकला—जाहिरात साबणाचीच होती ना आमची!—बिचाऱ्यानं गिळला गं सगळा, नाकातनं फुगे आले, पण चूं नाही केलं.

फ्लॉसीची उचकी ऐकलीयस ना तू? हसलीस ना? सगळे हसले. ओटिस चिडला की बोलता बोलता फ्लॉसीला लागायची—‘हिक्!’—आणि तो विचारायचा, ‘कोण आठवण काढतंय गं तुझी?’ झालं! शिकागोपासून टेक्सासपर्यंत पोरंटोरं गल्लीत हिक् हिक् करत फिरायची, साबणाच्या खोक्यावरसुद्धा छापली होती ती उचकी. फ्लॉसी म्हणजे आमची व्हर्ना—चिमणीएवढी बाई, आई आणि दोन भाऊ हिच्याच पगारावर. मीपण वर्षभर हसले. मग एक दिवस म्हणलं, बये, मला शिकव ना ती उचकी, शेजारणीला घाबरवते. तिनं हातमोजा काढला. करंगळी काळीनिळी, आणि भलतीकडेच बघत होती. ऑर्व्हिल, म्हणजे आमचा ओटिस, कागदाच्या आडून ती मागं वाकवायचा—दिवा लागलेला असताना, ओरडायची सोय नाही तेव्हा. ती किंकाळी गिळायची. उरायची ती उचकी. का म्हणून काय विचारतेस? ही त्याला एकदा नाही म्हणाली होती, बस. मी गेले मॅनेजरकडे. म्हणतो, ‘ब्रोन्या, त्या उचकीला आठवड्याला हजार पत्रं येतात. तू आपला कोबी बघ.’ आणि त्याच शुक्रवारी ऑर्व्हिल तिच्या कानात पुटपुटला—माझा कान कसला, मांजराचा!—‘सोमवारी मनगट.’

सोमवारी लाटण्याचा प्रसंग होता. तीन फटके. दिवा लागला, आणि मी कोबी सोडून, लाटणं घेऊन चार पावलं पुढं गेले. पहिला ऑर्व्हिलच्या गुडघ्यावर. डोळे बाहेर आले मेल्याचे—आणि तोंडातनं काय, तर कागदावरचं वाक्य, ‘फ्लॉसी, राणी, कॉफी दे!’ काचेपलीकडे मॅनेजर पोट धरून हसतोय. दुसरा कोपरावर. ‘सा—साखर जास्त घाल!’ तिसरा जबड्यावर, सगळा जोर लावून, आणि तेव्हा मला कळलं, गाजराचा आवाज साफ खोटा—हाडाचा ओला येतो, आतनं. कागदावर रक्त, दाताचे तुकडे माझ्या चपलेखाली, तरी दिवा विझेस्तोवर पठ्ठ्यानं आवाज केला नाही. हाडाचा नट, मानलं मी! पोलिसात? कसा जाईल, करंगळी दाखवली असती की आम्ही. जिन्यावरनं पडला म्हणून छापून आलं. जबडा तारेनं बांधला, पुन्हा माइकपुढं उभा राहिला नाही.

सुटली म्हणतेस? थांब गं. नवा ओटिस आला, गरीब गाय. आणि उचकी गेली. व्हर्ना काढून बघायची, तर ती नुसती उचकी वाटायची. शिव्यांची पत्रं यायला लागली. मॅनेजर म्हणाला, ‘शुक्रवारी उचकी, नाहीतर सोमवारी दुसरी फ्लॉसी.’ तिनं स्वतःच करंगळी वाकवून बघितली, नाही जमलं—स्वतःला माणूस कुठंतरी सोडतंच. शुक्रवारी दिवा लागला, बोलता बोलता तिनं एक हात पाठीमागं केला. माझ्याकडं. करंगळी पुढं काढून.

हो. मी. सहा वर्षं. हळू करायची गं, बोटं अदलून-बदलून, दुखऱ्या बोटाला विश्रांती—तू ऐकलीस ती तबकडी कुठल्या सालची? सदतीसची? मग ती माझी. ऑर्व्हिलपेक्षा माझी छान यायची, सगळे म्हणायचे. मला ठाऊक होतं ना, कुठं थांबायचं. आणि एखाद्या दिवशी काचेपलीकडे सगळी जास्तच हसत असायची, मग मी—मग थोडं आणखी—

बघतेस काय अशी? बंद कर ते यंत्र. ऊठ. जा आता.